मोर्चाला जाऊ की नको? पेन्शनच्या हिशेबाबद्दल एका शिक्षिकेला उत्तर

पत्र (थोडे संक्षिप्त करून): "मी नागपूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत २००८ पासून शिक्षिका आहे. वय ४७. माझे वडील राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले. त्यांना जुनी पेन्शन आहे आणि महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. सासरे उमरेडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले; त्यांची पेन्शन निवृत्त झाले तेव्हा होती, जवळपास तेवढीच आजही आहे. मला नवी पेन्शन लागू आहे. मुलगा यंदा मिहानमधील एका खासगी कंपनीत लागला आणि आता तो म्हणतो, 'तुम्हा सगळ्यांच्या पेन्शनचे ओझे शेवटी आमच्याच करावर येणार.' यजमान म्हणतात, सरकारकडे पैसा भरपूर आहे, फक्त दानत नाही. जेवायला बसलो की हाच विषय निघतो आणि कोणीतरी रुसून उठते. पेन्शन खरोखरच परवडत नाही का? परवडवायची असेल तर करायचे काय? आणि हिवाळी अधिवेशनावर निघणाऱ्या मोर्चाला मी जावे की नाही?" — एक शिक्षिका, नागपूर

ताई, सप्रेम नमस्कार.

देशात चालू असलेल्या पेन्शनच्या तऱ्हांपैकी चार तुमच्या घरी एकाच वेळी जेवायला बसतात, त्यामुळे वाद होणारच. तुमचे यजमान आणि तुमचा मुलगा दोघेही अर्धे बरोबर आहेत. परंतु दोघांनीही सासऱ्यांच्या पेन्शनकडे नीट पाहिलेले दिसत नाही. माझ्या मते तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर तिथेच आहे, म्हणून वडिलांपासून सुरुवात न करता मी सासऱ्यांपासून करतो.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी सीताबर्डीवरील एका बँकेत रांगेत उभा होतो. माझ्यापुढे खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. यंत्रावर त्यांनी अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. दुसरा अंगठा ठेवला, तोही नाकारला, कारण आयुष्यभर सब्बल आणि फावडे धरून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. शेवटी बँकेतल्या मुलीने मोबाइलवर चेहरा टिपून काम भागवले. तेवढ्या वेळात त्यांनी पासबुक माझ्या हातात दिले होते. पानभर एकाखाली एक एकच रक्कम छापलेली होती, चार हजारांच्या आतली. मागचे पान उलटले तर तिथेही तीच. ते म्हणाले, "तारीख तेवढी बदलते जी, आकडा नाही बदलत."

हा आकडा कोणी कपात करून गोठवलेला नाही. कोळसा कामगारांची निवृत्तिवेतन योजना १९९८ मध्ये आली. तिच्यात सरासरी वेतनाच्या सुमारे पाव हिश्शाइतकी पेन्शन देण्याचे ठरले, परंतु ती महागाई निर्देशांकाशी जोडली गेली नाही आणि वर्गणीचा दर आरंभीपासून इतका कमी राहिला की दिलेले वचन निभावणे निधीला पुढे जड जाऊ लागले. दरम्यान खाणींचे रूप पालटले. भूमिगत खाणींऐवजी खुल्या खाणी वाढल्या, फावड्याच्या जागी शॉव्हेल आणि डंपर आले, माती उपसण्याची कामे कंत्राटदारांकडे गेली. एके काळी सहा लाखांहून अधिक असलेले कोल इंडियाचे कायम मनुष्यबळ आज अडीच लाखांच्याही खाली आहे, आणि कोळशाचे उत्पादन मात्र पूर्वीच्या कित्येक पट झाले आहे. वर्गणी भरणारे घटत गेले, पेन्शन घेणारे वाढत गेले, आणि आज घेणारे भरणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. २०१७ च्या वेतन करारानंतर कामगार आणि व्यवस्थापन यांचा हिस्सा प्रत्येकी सात टक्के करण्यात आला आणि शिवाय टनामागे १० रुपये निधीला देण्याचे कोल इंडियाने मान्य केले. या दुसऱ्या उपायाकडे मुद्दाम लक्ष द्या, मी पुढे त्याच्याकडे परत येणार आहे.

ज्या पेन्शनचा हिशेब आधी जुळवलेला नसतो, ती बंद झाल्याची घोषणा सहसा कोणी करत नाही. तिला महागाईच्या तोंडी सोडून दिले जाते. दहा-पंधरा वर्षांत किराणा दुप्पट होतो, पेन्शन जागच्या जागी राहते, आणि कोणत्याही सभागृहात ठराव न मांडता अर्धी पेन्शन नाहीशी होते. म्हणून पेन्शन टिकाऊ असावी ही काळजी अर्थमंत्र्यांपेक्षा पेन्शनरालाच अधिक असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ही काळजी व्यक्त करणारा प्रत्येक जण कर्मचाऱ्यांचा वैरी असतो असा एक समज आपल्याकडे रुजला आहे, आणि त्याने कर्मचाऱ्यांचेच नुकसान केले आहे.

आपल्याकडे मोहल्ल्यातल्या बायका बीसी लावतात. बारा जणी दरमहा पैसे टाकतात आणि दरमहा एकीला रक्कम मिळते. हा व्यवहार चोख असतो, कारण जितक्या जणी घेणार तितक्याच जणी भरणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते. आता अशी बीसी कल्पून पाहा, जिच्यात आधी घेऊन मोकळ्या झालेल्यांचे पैसे नंतर येणाऱ्या सदस्यांनी भरायचे आहेत. दरवर्षी नव्या सदस्या येत राहिल्या तर तीही वर्षानुवर्षे सुखाने चालेल, पण नव्या येणाऱ्या कमी झाल्या की शेवटच्या काही जणींच्या गळ्यात सगळे देणे पडेल. तुमच्या वडिलांची पेन्शन या दुसऱ्या प्रकारची आहे. तिच्यामागे कोणताही साठवलेला निधी नाही; चालू वर्षाच्या महसुलातून ती दिली जाते. भविष्य निर्वाह निधीची कपात पगारातून होत होती, म्हणजे पेन्शनचे पैसे आम्हीच भरले, असे अनेक निवृत्त मंडळींना मनापासून वाटते. परंतु तो निधी वेगळा होता आणि निवृत्तीच्या वेळी व्याजासह त्यांना परत मिळाला. पेन्शनसाठी कर्मचाऱ्याने काही भरलेले नव्हते आणि सरकारनेही बाजूला काही ठेवलेले नव्हते.

पूर्वी हे चालून गेले, कारण नोकरभरती जोरात होती, निवृत्त कमी होते आणि निवृत्तीनंतरचे आयुष्यही आजच्यापेक्षा आखूड होते. आज साठी गाठलेला भारतीय सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे जगतो, स्त्रिया त्याहून थोड्या जास्त. ज्यांना नियमित उत्पन्न आणि औषधपाणी मिळाले त्यांची सरासरी आणखी वर धरायला हरकत नाही. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले जन्मतात, लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा बरीच कमी. तुमचा मुलगा निवृत्त होईल तेव्हा त्याच्यामागे काम करणारी पिढी संख्येने लहान असेल. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी अंशदानाची, म्हणजे कर्मचारी आणि सरकार दोघांनी दरमहा भरून निधी साठवण्याची, पद्धत आणली ती या कारणाने. तुम्ही २००८ मध्ये लागलात, म्हणून वडिलांचे दार तुमच्यासाठी बंद झाले होते.

आता तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हिशेब फळ्यावर मांडू. समजा एक व्यक्ती २५ व्या वर्षी नोकरीला लागली, ५८ व्या वर्षी निवृत्त झाली आणि ८० वर्षे जगली. नोकरी ३३ वर्षे, पेन्शन २२ वर्षे. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. गुंतवणुकीवरचे व्याज, पगारवाढ आणि पेन्शनवाढ तिन्ही एकाच वेगाने होतात असे धरले, तर रुपयांची झंझट नको, सगळे 'वर्षाचा पगार' या मापात मोजता येते. बावीस वर्षे निम्मा पगार म्हणजे अकरा वर्षांचे पगार. ते ३३ वर्षांत साठवायचे, म्हणजे दरवर्षी पगाराचा एक तृतीयांश, ३३ टक्के, बाजूला पडला पाहिजे. नव्या योजनेत तुमचे १० आणि शासनाचे १४ मिळून २४ टक्के पडतात. या मापाने ते सुमारे आठ वर्षांचे पगार होतात आणि सोळा वर्षांत, म्हणजे ७४ व्या वर्षी, संपतात.

या हिशेबातला सर्वांत हळवा आकडा व्याजाचा आहे. निधीवरचा परतावा पगारवाढीपेक्षा सातत्याने दोन टक्क्यांनी अधिक राहिला, तर ३३ टक्क्यांच्या जागी सुमारे १९ टक्के पुरतात. तो एक टक्क्याने कमी पडला, तर ४४ टक्के लागतात. म्हणजे निधी कोण सांभाळतो, कशात गुंतवतो, आणि शासनाचा हिस्सा त्याच महिन्यात जमा होतो की सहा महिन्यांनी, या गोष्टी कर्मचाऱ्याच्या म्हातारपणासाठी घोषणांपेक्षा कितीतरी अधिक मोलाच्या आहेत. आपल्या संघटना महागाई भत्त्याच्या दोन टक्क्यांसाठी जितक्या जागरूक असतात, तितक्या निधीच्या परताव्यातल्या दोन टक्क्यांसाठी असत्या तर चित्र वेगळे दिसले असते.

वयाचा आकडाही तुम्ही खोडून पुन्हा लिहून पाहा. निवृत्ती ५८ ऐवजी ६० व्या वर्षी धरली तर नोकरी ३५ वर्षे, पेन्शन २० वर्षे, आणि लागणारा दर ३३ वरून साडेअठ्ठावीस टक्क्यांवर येतो. वर्गणीचे दोन वर्षे वाढतात आणि पेन्शनचे दोन वर्षे घटतात, असा हा दुहेरी फायदा असल्याने जगभर सरकारे पहिला हात वयालाच घालतात. अमेरिकेने १९८३ मध्ये पूर्ण पेन्शनचे वय ६५ वरून ६७ करायचे ठरवले, पण ते इतके सावकाश अमलात आणले की १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ते पूर्णपणे लागू झाले. ज्यांना पूर्ण झळ बसणार होती ते ठरावाच्या दिवशी तेवीस वर्षांचे किंवा त्याहून लहान होते आणि त्यांच्या हाती सावरायला सारे आयुष्य होते. फ्रान्सने २०२३ मध्ये ६२ चे ६४ करायला घेतले आणि काही महिने रस्ते पेटले. वाढ दोन्हीकडे दोनच वर्षांची होती, फरक मिळालेल्या मुदतीचा होता.

आपल्याकडे केंद्राचे निवृत्तिवय १९९८ मध्ये ५८ चे ६० झाले, महाराष्ट्रात बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते अजून ५८ आहे. ते वाढवावे का? हिशेब 'हो' म्हणतो. पण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये रात्री अकरापर्यंत बसणारी मुले-मुली काय म्हणतील, हेही मला दिसते. शिवाय खडू धरणारा हात आणि सब्बल धरणारा हात साठाव्या वर्षी सारखा नसतो, त्यामुळे सर्वांना एकच वय लावणे अन्यायाचे ठरेल. मला विचाराल तर कार्यालयीन कामासाठी वय हळूहळू वाढवावे, दर दोन-तीन वर्षांनी काही महिने इतक्या गतीने, आणि रिकाम्या जागा प्रामाणिकपणे भराव्यात.

कारण रिकाम्या जागा हा या प्रश्नाचा असा भाग आहे, ज्याविषयी दोन्ही बाजू गप्प असतात. जागा रिकामी ठेवली किंवा कंत्राटी माणसावर भागवली की चालू वर्षाचा खर्च वाचतो, पण पेन्शनच्या बीसीमधला एक भरणारा कमी होतो. कोळसा खाणींत नेमके हेच झाले. तिथे टनामागे रक्कम घेण्याचा उपाय मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. पगारांवर आधारलेली वर्गणी माणसे घटली की घटते, टनांवर आधारलेली वर्गणी यंत्रे वाढली तरी चालू राहते. जिथे संपत्ती निर्माण होते आहे तिथून पेन्शनला वाटा मिळाला पाहिजे, केवळ पगारपत्रकातून नव्हे. दहा रुपये पुरेसे नाहीत हे मान्य, पण दिशा बरोबर आहे, आणि हा धडा नागपूर परिसराने, म्हणजे कोल इंडियाच्या इथल्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या घरानेच, इतरांना सांगण्यासारखा आहे.

आता तुमच्या यजमानांच्या मागणीकडे येतो, म्हणजे जुनी पेन्शन जशीच्या तशी परत. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये तसे जाहीर केले. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप झाला आणि तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमण्यात आली. या मागणीत एक मोह दडलेला आहे. जुन्या योजनेकडे परतणाऱ्या सरकारचे पहिल्या काही वर्षांत पैसे वाचतात, कारण दरमहाचा १४ टक्के हिस्सा भरावा लागत नाही. देणे सुरू होते ते २००५ नंतरची तुकडी निवृत्त होऊ लागल्यावर, म्हणजे घोषणा करणारे मंत्री स्वतः पेन्शनर झाल्यावर. सर्व राज्ये परत गेली तर एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाईल, असा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेतील अभ्यासलेखात मांडलेला आहे. यजमानांना हे पटणार नाही, आणि त्यांचा मूळ मुद्दा मी खोडूनही काढणार नाही: बाजार पडला तर त्याची संपूर्ण झळ एकट्या शिक्षिकेने का सोसावी? ती तिने सोसू नये. पण त्यासाठी निधी मोडून टाकण्याची गरज नाही, निधी ठेवून त्याच्या पाठीशी हमी उभी करता येते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना हा याच वाटेवरचा प्रयत्न आहे, आणि दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टला, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला. केंद्राच्या योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, त्यावर महागाईची भर, मागे राहिलेल्या जोडीदाराला त्या पेन्शनच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन, आणि किमान दहा वर्षे सेवा असेल तर महिना १०,००० रुपये अशी हमी आहे. कर्मचाऱ्याचे १० टक्के तसेच राहतात, सरकारचा हिस्सा साडेअठरा होतो. बेरीज साडेअठ्ठावीस. मघाच्या फळ्यावरचा ६० वर्षांचा आकडा आठवा, तोही साडेअठ्ठावीसच होता. ३५ वर्षे नोकरी करून साठीला निवृत्त होणाऱ्यासाठी हा दर जवळपास चोख बसतो.

पण दोन ठिकाणी गळती आहे. तुमच्या राज्यात वय ५८ आहे, आणि पूर्ण ५० टक्के मिळण्यासाठी २५ वर्षांचीच अट आहे, त्यामुळे २५ वर्षे भरणारा आणि ३५ वर्षे भरणारा एकाच टक्क्याला बसतो. २५ वर्षांत साडेअठ्ठावीस टक्क्यांनी सात वर्षांच्या पगाराइतकी रक्कम जमते, आमच्या साध्या मापाने चौदा वर्षे पुरेल एवढी. पुढचे कोण भरणार, याचे उत्तर व्याज किंवा करदाता. ताई, तुमची सेवा २८ वर्षांची होईल, म्हणजे या गळतीचा लाभ तुम्हालाच आहे, म्हणून रागावू नका. पण टिकाऊपणा विचारलात तर मला हे सांगणे भाग आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे टक्का वाढत जावा, ही अधिक न्याय्य आणि अधिक टिकाऊ रचना आहे.

वेळीच थोडे थोडे दुरुस्त करण्याची दोन उदाहरणे सांगतो, कारण आपल्याकडे 'परदेशात सगळे बुडाले' असे सरसकट बोलले जाते. कॅनडाच्या सार्वजनिक पेन्शन योजनेची अवस्था १९९० च्या दशकात वाईट होती. केंद्र आणि प्रांत यांनी मिळून १९९७ मध्ये वर्गणी ५.८५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने वाढवायचे ठरवले, २००३ पर्यंत ती ९.९ टक्के झाली, आणि निधी सरकारच्या हातातून काढून स्वतंत्र मंडळाकडे गुंतवणुकीसाठी दिला. तिथला मुख्य विमागणिती, म्हणजे पुढच्या काळातल्या जमेचा आणि देण्यांचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ, दर तीन वर्षांनी अहवाल देतो आणि तो सर्वांना वाचता येतो. स्वीडनने तर कायद्यातच काटा बसवला: देणी जमेपेक्षा जास्त झाली की पेन्शनची वाढ आपोआप मंदावते. २०१० मध्ये तो काटा खरोखर फिरला आणि पेन्शन कमी झाल्या; लोक नाराज झाले, पण योजना मोडली नाही. स्वीडनचा उपाय मला आपल्याकडे इतक्यात पचेलसे वाटत नाही. कॅनडाचा पचेल, आणि त्यातला खुल्या अहवालाचा भाग तर उद्यापासून सुरू करता येईल.

मुलाशी बोलताना त्याला त्याची स्वतःची पेन्शन विचारा. बहुधा माहीत नसेल. १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के जातात, पण ते १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना जास्तीत जास्त १,२५० रुपये. केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. त्या मर्यादेवर ३३ वर्षे सेवा केली, वर दोन वर्षांची सवलत धरली, तरी सूत्राने पेन्शन येते महिना ७,५०० रुपये, आणि तीही महागाईशी जोडलेली नाही. म्हणजे खाणीतल्या आजोबांच्या पासबुकासारखेच पासबुक मिहानमधल्या नातवाच्या वाट्याला येणार आहे. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि ती ७,५०० रुपये अधिक महागाई भत्ता व्हावी म्हणून आपल्याच विदर्भातून, बुलढाण्याहून, वर्षानुवर्षे आंदोलन चालू आहे. मागणी रास्त आहे, पण वर्गणीची मर्यादा न उचलता ती पूर्ण करणे म्हणजे पुन्हा करदात्याकडे जाणे. मर्यादा उचलली तर मुलाच्या हातातला पगार थोडा घटेल. तो ते आज स्वीकारायला तयार आहे का, हे त्याला जेवताना नको, निवांत विचारा.

त्याच्या कराच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे, आणि ती तक्रार खरे तर कॉटन मार्केटमधल्या भाजीवाल्या बाईने करायला हवी. तीही साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरते, आणि पासष्टीनंतर, गरीब ठरलीच तर, श्रावणबाळ योजनेतून तिला महिना १,५०० रुपये मिळतात. सरकारी तिजोरीतून पहिला रुपया कोणाच्या म्हातारपणासाठी निघावा, असे विचारले तर मी तिचे नाव आधी घेईन. तुमच्या-माझ्यासारख्या पगारदारांची पेन्शन आपल्या वर्गणीवर आणि मालकाच्या हिश्शावर उभी राहावी, सरकारने हमीची बाजू सांभाळावी, आणि करातून येणारा पैसा मुख्यतः ज्यांचा कोणी मालकच नाही त्यांच्याकडे जावा, अशी वाटणी मला योग्य वाटते.

मग मोर्चा. जा, अवश्य जा. यशवंत स्टेडियमपासून निघणाऱ्या गर्दीत शिक्षक नसतील तर त्या घोषणांना अर्थ राहणार नाही. पण 'एकच मिशन, जुनी पेन्शन' या पाटीशेजारी तुमच्या संघटनेला दुसरी पाटीही धरायला सांगा: राज्याच्या पेन्शन देण्यांचे विमागणिती मूल्यांकन दर तीन वर्षांनी विधिमंडळात मांडा, शासनाचा हिस्सा पगाराच्याच दिवशी जमा करा आणि उशीर झाला तर व्याजासह भरा, हमीसाठीचा राखीव निधी वेगळा ठेवा, तुटीच्या वर्षी त्याला हात लावू नका, रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. या मागण्यांवर टाळ्या कमी पडतील हे मला कळते. पण मंत्री 'पैसे नाहीत' असे म्हणाले तर त्यांना आकडे दाखवावे लागतील, आणि ते दाखवल्यावर तुमच्या यजमानांचे व मुलाचे भांडणही निदान एकाच कागदावर होईल.

त्याआधी एक काम घरचे. तुमच्या प्रान खात्याचा, म्हणजे नव्या पेन्शनच्या तुमच्या खात्याचा, उतारा काढा आणि २००८ पासूनच्या पगारपत्रकांतील कपातीशी महिनावार ताडून पाहा. सुरुवातीच्या अंशदान योजनेतील वर्षांच्या रकमा नंतर राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत वर्ग झाल्या, आणि त्या सांध्यावर रकमा अडकल्याच्या, शासनाचा हिस्सा दिसत नसल्याच्या तक्रारी मी अनेक शिक्षकांकडून ऐकल्या आहेत. तफावत आढळली तर तोंडी सांगू नका. वर्ष, महिना आणि रक्कम लिहून मुख्याध्यापकांमार्फत अर्ज द्या, पोच घ्या, आणि प्रत जपून ठेवा. एकीकृत योजनेचा पर्याय तुमच्यासमोर येईल तेव्हा राज्याचा मूळ शासन निर्णय स्वतः वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा सारांश नव्हे. नामनिर्देशन अद्ययावत आहे की नाही तेही त्याच वेळी पाहून घ्या. एकरकमी रक्कम हातात घेण्याची हौस आणि आयुष्यभर दरमहा मिळणारी रक्कम यांतून निवड करायची वेळ आली, तर तुमच्या घरात दीर्घायुष्य आहे हे विसरू नका: वडील आणि सासरे दोघेही, देवदयेने, अजून पानावर बसून वाद घालताहेत.

आपला,
सदरलेखक